आरियत : मागून आणलेल्या वस्तूचा इतिहास

माझ्या अम्मीच्या स्वयंपाकघरात बिननावाचं भांडं शोधून सापडणार नाही. तांब्याच्या जुन्या देगचीवर नानांचं नाव आहे, स्टीलच्या ताटांवर अब्बांचं. एका मोठ्या परातीवर तर नावाखाली तारीखही आहे, ती माझ्या बहिणीच्या निकाहची. भांड्यांच्या दुकानात खरेदी झाली की दुकानदार आजही विचारतो, ‘नाव काय घालायचं?’ आणि त्याच्या हातातलं यंत्र कर्रकर्र करत अक्षरं कोरत जातं. हिंदूंच्या घरात काय, मुसलमानांच्या घरात काय, ही रीत सारखीच.

लहानपणी मला वाटायचं, हे मालकी दाखवायला असतं. पण भांडं घरातच राहणार असेल तर त्यावर नाव घालायची गरज काय? नाव कोरलं जातं कारण भांडं घराबाहेर जाणार असतं. कुणाकडे अकिका असेल, कुणाकडे चाळिसावा, कुणाकडे सत्यनारायण. दहा घरची भांडी एका चुलीजवळ गोळा होणार, घासताना मिसळणार, आणि मग नाव वाचून ज्याची त्याला परत जाणार. ते कोरलेलं नाव म्हणजे भांड्याचा परतीचा पत्ता होता. अम्मीचा आणखी एक दंडक होता. मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची.

आता ही मागामागी फोनवर आली आहे. मिरजेत आमच्या मोहल्ल्याचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा तो सुरू झाला. सांगलीतली नातेवाईक मंडळी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे आली होती. कुणाला सतरंज्या हव्या होत्या, कुणाला शेगडी, कुणाला बाळाची दुधाची बाटली. पूर ओसरला, पण वस्तू इकडच्या तिकडे राहिल्या होत्या. त्यांची यादी करायची म्हणून ग्रुप तसाच ठेवला. यादी संपली तरी ग्रुप मोडला नाही. आता त्यात शिडी, निबुलायझर, व्हीलचेअर, शिलाई मशिन, पाहुण्यांसाठी गाद्या, दहावीची पुस्तकं असं सगळं फिरत असतं. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये दोन ऑक्सिमीटर किती घरांत जाऊन आले, याचा हिशेब आमच्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही.

याच ग्रुपवर गेल्या पावसाळ्यात माझी एक फजिती झाली. ती सांगतो, कारण या लेखाची सुरुवात तिथूनच झाली.

पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या बसवायच्या होत्या. मी ग्रुपवर लिहिलं, ‘ड्रिल मशिन कुणाकडे आहे का? सोमवारी परत आणून देतो.’ आमच्याच शाळेतल्या एका सरांनी ताबडतोब होकार कळवला. ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. रविवारी फळ्या बसल्या. सोमवारी शाळेत पालकसभा होती, मंगळवारी मी विसरलो. बुधवारी रात्री धुवाधार पाऊस झाला, पत्र्यातून पाण्याची धार लागली ती नेमकी त्या ड्रिलवर. सकाळी चालू आहे का बघावं म्हणून बटण दाबलं, तर आतून धूर निघाला.

मी सरांना कळवलं. ते एवढंच म्हणाले, “राहू द्या सर.” पण आवाज नेहमीचा नव्हता. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. मी त्यांना म्हणालो, “सर, मागून आणलेली वस्तू ही अमानत असते. माझा हलगर्जीपणा नसताना ती खराब झाली, तर शरियतप्रमाणे माझ्यावर भरपाई येत नाही.” ते शांतपणे म्हणाले, “तुमच्याकडे येत नसेल. आमच्याकडे येते.”

मला आधी कळलंच नाही. ‘तुमच्याकडे’ आणि ‘आमच्याकडे’ म्हणजे काय? घरी येऊन किताबं काढली, तेव्हा लक्षात आलं की सर अगदी बरोबर बोलले होते.

दोन शब्द, दोन व्यवहार

मराठीत आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. वाटीभर साखर आणली तर ती ‘उसनी’ आणली. तीच साखर परत करता येत नाही, ती चहात गेलेली असते. तेवढीच दुसरी साखर परत करायची. शिडी मात्र उसनी आणत नाही, ‘मागून’ आणतो. तीच शिडी परत द्यायची असते. इस्लामी कायद्यातही हाच फरक आहे. जी वस्तू वापरून संपते, तिचा व्यवहार म्हणजे कर्ज. जी वापरूनही उरते, ती विनामोबदला वापरायला देणं म्हणजे आरियत. हनफी फिक्हच्या किताबांत तर स्पष्ट म्हटलं आहे की, पैसे किंवा धान्य कुणी ‘आरियत’ म्हणून दिलं, तरी ते कर्जच समजलं जाईल.

कुरआनात १०७वी सूरह आहे ‘अल-माऊन’. फक्त सात आयतींची. नमाज पढणाऱ्या पण दिखावा करणाऱ्या लोकांची त्यात कानउघाडणी आहे, आणि त्यांचा शेवटचा दोष असा सांगितला आहे की ते ‘माऊन’सुद्धा देत नाहीत. माऊन म्हणजे काय? काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ जकात असा केला. पण सहाबी अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांच्याकडून जी रिवायत येते, तिच्यात सांगितलं आहे की पैगंबरांच्या काळात आम्ही बादली आणि हंडी यांसारख्या वस्तू वापरायला देण्याला माऊन समजत होतो. इतरांनी त्यात कुऱ्हाड जोडली, पाणी, मीठ, विस्तव जोडला. म्हणजे ज्या वस्तूंसाठी शेजाऱ्याला नाही म्हणण्यात काही अर्थ नसतो, त्या सगळ्या. मी ही सूरह लहानपणापासून नमाजमध्ये पढत आलो. तिचं नाव घरातल्या बादलीशी जोडलेलं आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर नीट समजलं.

मदिनेतल्या मागून आणलेल्या वस्तू

मदिनेच्या इतिहासात लढाया आणि तह आपण पुष्कळ वाचतो. पण हदीसच्या किताबांत मागून आणलेल्या वस्तूही जागोजागी भेटतात.

एका रात्री मदिनेत घबराट पसरली, शत्रू आला असं वाटलं. पैगंबरांनी अबू तलहा यांचा घोडा मागून घेतला, एकटेच पुढे जाऊन पाहून आले आणि लोकांना धीर दिला की घाबरण्यासारखं काही नाही. घोडा मंद म्हणून ओळखला जात होता. त्यांनी परत येऊन त्याच्या वेगाची तारीफ केली. मागून आणलेल्या वस्तूचं मालकासमोर कौतुक करावं, ही त्यातली नजाकत मला फार आवडते.

हजरत आयेशांनी एका प्रवासात आपल्या बहिणीचा, अस्मा यांचा हार मागून घेतला होता. तो वाटेत हरवला. बहिणीचा असला तरी दुसऱ्याचा हार, म्हणून सारा काफिला थांबला, माणसं शोधायला धाडली. नमाजची वेळ झाली आणि वजूला पाणी नाही. त्या प्रसंगी तयम्मुमची आयत उतरली, असं रिवायतींत आहे. म्हणजे पाणी नसताना मातीने पाक होण्याची जी सवलत आज जगभरचे मुसलमान वापरतात, तिची पार्श्वभूमी एका मागून आणलेल्या, हरवलेल्या हाराची आहे.

आणि एक कुर्ता. बुखारींच्या संग्रहात एका बाबचा मथळाच आहे, नवरीसाठी वस्तू मागून आणण्याविषयी. त्यात आयेशा उतारवयात सांगतात की, आत्ता अंगावर आहे तसला पाच दिरहमचा जाडाभरडा कुर्ता आता आमची दासीही घरात घालायला तयार नाही. पण पैगंबरांच्या काळात माझ्याकडे असाच एक होता, आणि मदिनेत जिला जिला नवरी म्हणून सजवायचं असेल, ती माझ्याकडून तो मागून नेत असे. एका शहरातल्या कितीतरी नवऱ्या एकाच कुर्त्यात सजल्या. गरिबीत थाट कसा निभावला जातो, याचं यापेक्षा बोलकं चित्र माझ्या वाचनात नाही. आमच्या गल्लीतही शालू आणि नथ अशीच फिरायची.

आता चौथी वस्तू, जिच्यामुळे माझं आणि सरांचं बिनसलं. हिजरी सन ८, म्हणजे इसवी सन ६३०. मक्का जिंकल्यावर हुनैनच्या लढाईची वेळ आली. चिलखतं कमी होती. सफवान बिन उमय्या हे मक्केचे बडे असामी, त्यांच्याकडे चिलखतं होती. ते तेव्हा मुसलमान झालेले नव्हते. पैगंबरांनी त्यांच्याकडे मागणी केली. सफवाननी विचारलं, हे जबरदस्तीने घेता आहात का? उत्तर मिळालं की नाही, हमी देऊन, आरियत म्हणून घेतो आहोत. शहर जिंकून घेतलेला माणूस हरलेल्याकडून वस्तू मागतो आहे, आणि तीही परतीची हमी देऊन. लढाईत काही चिलखतं गहाळ झाली. पैगंबरांनी भरपाई देऊ केली. तोवर सफवान यांचं मन पालटलं होतं, त्यांनी ती घेतली नाही.

एक हदीस, दोन वाचनं

याच प्रसंगावरून फकिहांत मतभेद झाला. इमाम शाफई आणि इमाम अहमद यांचं म्हणणं असं की, आरियतीची वस्तू घेणाऱ्याच्या जबाबदारीवर असते. ज्या वापरासाठी दिली त्या वापरात ती झिजली तर गोष्ट वेगळी. पण एरवी ती गेली, तर चूक असो वा नसो, त्याने भरून द्यावी. हमीचा शब्द सफवान यांच्या प्रसंगात आला, तो सर्व आरियतींचा नियम सांगतो. हनफी म्हणाले, तो शब्द त्या प्रसंगापुरता. मूळ नियम असा की मागून आणलेली वस्तू अमानत असते. हलगर्जीपणा केला किंवा मर्यादा ओलांडली तरच भरपाई. इमाम मालिक यांनी मधली वाट काढली. दागिने-कपड्यांसारखी लपवता येणारी वस्तू असेल तर जबाबदारी, जनावरासारखी उघड्यावरची असेल तर नाही.

हा वाद अरबस्तानातच राहिला असता तर माझं ड्रिलप्रकरण इतकं पेटलं नसतं. पण महाराष्ट्रातच त्याच्या दोन बाजू नांदतात. घाटावरचे, मराठवाड्यातले, दख्खनी बोलणारे आम्ही बहुतेक हनफी. कोकणी मुसलमान शाफई, कारण कोकणच्या बंदरांचं नातं अरबी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांशी. आमच्याकडे फिक्ह उत्तरेकडून, मध्य आशियातून आलं. ज्या ‘हिदाया’चा आधार मी घेत होतो, तिचे लेखक मरगीनानी फरगाना खोऱ्यातले. त्यांचा मृत्यू ११९७चा. कंपनी सरकारच्या काळात चार्ल्स हॅमिल्टनने हिदायाचा इंग्रजी तर्जुमा केला, तो १७९१मध्ये छापला गेला, आणि ब्रिटिश न्यायालयांनी मुसलमानांच्या खटल्यांत तो वापरला. सर मात्र समुद्रामार्गे आलेल्या परंपरेतले. म्हणजे आमच्या स्टाफरूममध्ये एका जळालेल्या ड्रिलवरून खुश्कीचा रस्ता आणि दर्याचा रस्ता समोरासमोर उभे होते.

मला बरं वाटलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, असा गोड शेवट मी मनाशी रचला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “पत्रा गळतोय हे मी तुम्हाला जूनपासून सांगत होते.”

मग मी बाब पुढे वाचला. हनफी किताबांत आरियतीच्या प्रकरणात आणखी एक कलम आहे. ठरावीक मुदतीसाठी वस्तू आणली आणि मुदत संपल्यावरही ठेवून घेतली, तर ती अमानत राहत नाही. त्यानंतर ती गेली तर भरपाई घेणाऱ्यावर. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्ह कलमवार करून ‘मजल्ला’ नावाची दिवाणी संहिता तयार झाली, तिच्यातही अमानतीच्या विभागात आरियत आहे आणि मुदतीची ही बाब आहे. मी ग्रुपवर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘सोमवारी परत आणून देतो.’ पाऊस बुधवारी आला. शाफई तर शाफई, माझ्या स्वतःच्या मजहबनेही मला सोडलं नव्हतं. मी फक्त माझ्या सोयीचं पान वाचून थांबलो होतो. विद्यार्थ्यांना आपण हेच करू नका म्हणून सांगतो.

सर्वांची देग

आरियतीत वस्तूचा मालक एक असतो. त्याच्या मर्जीवर सगळं अवलंबून. पण मालकच नसलेली, सर्वांच्या वापराची वस्तू असू शकते का? हा प्रश्नही जुना आहे, आणि त्याचं उत्तर वक्फमध्ये मिळालं.

वक्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जमिनी, दुकानं आणि त्यांचे खटले येतात. वक्फ कायमस्वरूपी हवा, म्हणून इमाम अबू हनीफा हलवता येणाऱ्या वस्तूंचा वक्फ मान्य करत नव्हते. त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद, ज्यांचं निधन ८०५मध्ये झालं, त्यांनी वेगळी भूमिका घेतली. लोकांत ज्या वस्तू वक्फ करण्याचा रिवाज आहे, त्या चालतील. त्यांची यादी हिदायात आहे : कुऱ्हाड, फावडं, करवत, जनाज्याचा डोला आणि त्यावरची चादर, हंडे, देगी, कुरआनच्या प्रती. ही यादी पुन्हा वाचा. यात अवजारं आहेत, भांडी आहेत, पुस्तकं आहेत. आमच्या मशिदीच्या मागच्या खोलीत आजही जवळजवळ हेच सामान आहे. जमातीच्या देगी, पराती, सतरंज्या, आणि कोपऱ्यात उभा केलेला डोला.

इब्ने बतूता १३२६मध्ये दमिश्कला होता. तिथे त्याने तऱ्हेतऱ्हेचे वक्फ पाहिले : गरीब घरच्या मुलींच्या लग्नासाठी, वाटसरूंसाठी, रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी. एक प्रसंग त्याने आवर्जून लिहिला आहे. एका नोकर पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोक जमले. कुणीतरी त्याला म्हणालं की तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फच्या व्यवस्थापकाकडे घेऊन जा. तिथे तुकडे दाखवून त्याला नव्या थाळीचे पैसे मिळाले. नाहीतर मालकाने पोराला मारलं असतं, निदान झापलं असतं. फुटलेल्या वस्तूमुळे माणसाचं मन फुटू नये, यासाठी एका शहराने तजवीज करून ठेवली होती.

इंटरनेटवरची मागामागी

पश्चिमेत ही कल्पना ग्रंथालयांच्या अंगाने वाढली. लॉस एंजेलिस परगण्यात १९३५पासून मुलांना खेळणी वाचनालयासारखी घरी नेता येऊ लागली. मिशिगनमधल्या ग्रोस पॉइंटच्या ग्रंथालयातून १९४३पासून अवजारं मिळू लागली. बर्कलीमध्ये १९७९मध्ये अवजारांचं ग्रंथालय निघालं. करवत आणि फावडं, इमाम मुहम्मद यांच्याच यादीतली.

मग इंटरनेट आलं. मे २००३मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात डेरॉन बील यांनी ओळखीच्यांना एक ई-मेल पाठवला, नको असलेल्या चांगल्या वस्तू फेकण्याऐवजी एकमेकांना देऊ या म्हणून. त्यातून ‘फ्रीसायकल’ उभं राहिलं. २०१०मध्ये रेचल बॉट्समन आणि रू रॉजर्स यांच्या पुस्तकाने एकत्र वापराच्या या विचाराला मोठी प्रसिद्धी दिली. योगायोग असा की त्या काळात सगळीकडे एकच उदाहरण दिलं जाई, ते ड्रिल मशिनचं. आयुष्यभरात मोजकी मिनिटं चालणारं यंत्र प्रत्येकाने कशाला विकत घ्यावं? २०१२मध्ये ॲमस्टरडॅमला डान वेडेपोल यांनी ‘पीअरबी’ सुरू केलं. त्यांच्या घराला आग लागली होती आणि लोकांकडून वस्तू मागून दिवस काढावे लागले होते. मागण्यात कमीपणा नाही, उलट माणसं जवळ येतात, हा त्यांचा अनुभव. जुलै २०१३मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर आणि लीझल क्लार्क या दोन मैत्रिणींनी फेसबुकवर ‘बाय नथिंग’चा पहिला गट काढला. विकायचं नाही, अदलाबदल नाही, फक्त द्यायचं किंवा वापरायला द्यायचं. लीझल क्लार्क चित्रपटकार. नेपाळच्या डोंगरी गावांत माणसं वस्तू वाटून कशी राहतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

यातल्या देण्याच्या चळवळी पसरल्या. वस्तू वापरायला देण्याच्या संकेतस्थळांपैकी मात्र बरीचशी काही वर्षांत थंडावली किंवा भाड्याकडे वळली. पीअरबीनेही पुढे भाड्याची सोय आणली. कारण शोधायला लांब जायला नको. अनोळखी माणसाला वस्तू द्यायची तर अनामत हवी, विमा हवा, गुणांकन हवं, म्हणजे पुन्हा सफवान यांनी विचारलेल्या हमीचाच प्रश्न. एवढं सगळं केल्यावर खर्च येतो, आणि खर्च आला की भाडं येतं. फिक्हने ही रेषा नेमकी आखली होती. वापराचा मोबदला घेतला की ती आरियत राहत नाही, तो इजारा होतो. इजारा जायज आहे, त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्याच्या घरात पैसे देऊन राहण्याला आणि दुसऱ्याच्या गाडीत पैसे देऊन बसण्याला ‘शेअरिंग’ म्हणायचं, ही मात्र शब्दांची हेराफेरी आहे.

आमचा ग्रुप विनामोबदला टिकला, तो आमच्या थोरपणामुळे नाही. मागणारा कुणाचा मुलगा आहे, हे देणाऱ्याला माहीत असतं, म्हणून. पण याच गोष्टीची मला काळजीही वाटते. जो ओळखीचा नाही, त्याचं काय? आमच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला सगळे आमच्याच जमातीचे होते. २०२१मध्ये पलीकडच्या गल्लीतल्या एका काकूंना ऑक्सिमीटर हवा होता, त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. त्यांच्या मुलाने शाळेतल्या ओळखीने मला फोन केला. त्या दिवशी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. आता पलीकडची अकरा घरं आहेत. व्हीलचेअर त्यांचीच आहे.

वस्तू कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, यात समाजाची हद्द दिसते. आपल्याकडे भांड्याचा स्पर्श, पाण्याचा स्पर्श यावरून माणसं पिढ्यानपिढ्या दूर ठेवली गेली. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं, तरी दलितांना त्याचं पाणी मना होतं. पाणी तर माऊनमधली पहिली वस्तू. डिसेंबर १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांच्या महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या स्थानिक मुसलमान गृहस्थाने आपली जागा वापरायला दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं ते त्या परिषदेत. फिक्हच्या भाषेत जमिनीची आरियत. आपल्या इतिहासात अशी उदाहरणं आहेत. पण ती सांगताना हेही विचारावं लागतं की, आमच्या जमातीची देग आम्ही कुणाकुणाला देतो? बिरादरी पाहून नाही म्हणणारे आमच्यात नाहीत, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

ड्रिलचं पुढे काय झालं, ते राहिलं. मी ते मोटार रिवायंडिंगच्या दुकानात नेलं. आर्मेचर बदलावं लागलं, साडेसहाशे रुपये झाले. अम्मीने पिशवीत शीरखुर्म्याचा डबा ठेवला, रिकामं परत करायचं नाही म्हणून. सरांच्या घरी गेलो आणि सांगितलं की माझ्या किताबाप्रमाणेही चूक माझीच निघाली. ते हसले. म्हणाले, “सर, भरपाईचं मी त्या दिवशी रागात बोललो. मला राग ड्रिलचा नव्हता. तुम्ही आधी किताब काढली, माफी नंतर, याचा होता.”

मी काय बोलणार? त्यांनी चहा केला. निघताना विचारलं, “पत्रा दुरुस्त केला का? शिडी हवी असेल तर घेऊन जा.”

ग्रुपवर आता आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. परतीचा दिवस लिहायचा. वस्तू बिघडली तर लपवायचं नाही, आधी मालकाला फोन करायचा. आणि दर महिन्याला प्रत्येक घराने दहा रुपये एका डब्यात टाकायचे, दुरुस्तीसाठी. दमिश्कच्या भांड्यांच्या वक्फएवढं ते मोठं नाही, पण निबुलायझरची नळी त्यातूनच बदलली.

तुमच्या गावात जमातीची देग आहे का? ती कुणाच्या नावावर आहे, कुणाकुणाच्या चुलीवर चढते? जुन्या माणसांना विचारा आणि मला कळवा. भांड्यावर नाव कोरलेलं असेल तर तेही वाचून घ्या. इतिहासाचा एखादा तुकडा तिथे सापडेल. आणि हो, शिडी अजून माझ्याकडेच आहे. परतीचा दिवस उद्याचा आहे.